खोली नंबर तीनची बाई

आंबोडे, शनिवार, २४ जानेवारी

हेमाली,

आशीर्वाद लिहावा की नाही, इथूनच अडलो. लिहिलाय असं समज. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मला काय बोलता येणार? तुझी आई होती तेव्हा ती बोलायची आणि मी मागून हं हं करायचो. म्हणून कागद घेतला. भावेश केळ्यांचा टेम्पो घेऊन विरारला येतो तेव्हा तुमच्या बिल्डिंगच्या पेटीत टाकेल. तो वाचणार नाही. माझा पुतण्या असला तरी तेवढा सरळ आहे.

आडवळणाने विचारत नाही. मंगळवारी मतदानाला, आमच्या खालच्या पाड्यातल्या शाळेत, खोली नंबर तीनमध्ये केंद्राध्यक्ष म्हणून तू होतीस का?

मला कोणी सांगितलं नाही. मंगळवारी संध्याकाळी जिजाबाय रडत ओट्यावर आली. खाडीकडची, सत्तरीची बाई, एक निवडणूक चुकवली नाही तिने आजवर. डावा हात पुढे धरून म्हणाली, "तुलसीभाव, बघ रं. मी कय चोरी केली? पानी लावून घासला, रॉकेलान पुसला, जात नाय तो डाग. ती बाय म्हनते, तू मत देऊन आलीस, घरा जा."

परवा माघी गणपती होता. आदल्या दोन दिवसांत वाड्यांतून किती घड निघतात ते तुला सांगायला नको. सगळा पाडा सकाळपासून केळी कापत होता. घड डाव्या हाताने धरायचा, उजव्या हाताने कोयता मारायचा, चीक डाव्याच हातावर ओघळतो आणि तासाभरात काळा पडतो. टेम्पो भरले, माणसं तशीच मतदानाला गेली. आणि खोली तीनमधून परत आली. शंभरावर माणसं. शाईची एक रेघ असते नखाशी, चिकाचा अख्खा पंजा असतो, हे शेंबड्या पोराला कळतं. बरं, यादीत नावापुढे खूण नव्हती, मग यांनी मत दिलं कधी?

हरेशशेठ सदतीस मतांनी नगराध्यक्ष झाला. पॅनलही त्याचंच आलं. आता बावखळं बुजवणार आणि सातिवलीसारखी गोदामं उठवणार. बावखळ बुजलं की वाडीला पाणी नाही, म्हणजे वाडीच नाही. खालच्या पाड्यातलं एक मत त्याला जाणार नव्हतं, हे तोही जाणून होता.

जिजाबाय जाता जाता म्हणाली, "बाय वंगाल नव्हती पन. मना आये म्हनली. डोलं भरलं होतं तिचं." मग व्हॅलेरियनने शाळेच्या अंगणात काढलेला व्हिडिओ दाखवला. तो आमच्या बाजूचा एजंट, भांडला म्हणून पोलिसांनी बाहेर काढला होता. त्यात तू दारात पाठमोरी उभी आहेस, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून. असं उभं राहायला तुला कोणी शिकवलं नाही, तुझी आई तशीच उभी राहायची.

तू पाचवीपासून नंदाखालला आत्याकडे वाढलीस, लग्नानंतर आडनाव बदललं. खालच्या पाड्यात तुला कोणी ओळखलं नाही. मी ओळखलं. कोणाला बोललो नाही.

बाहेरची बाई असती तर म्हटलं असतं, अडाणी आहे, तिला केळ कुठून माहीत. तू का केलंस?

— बाबा

आंबोडे, मंगळवार, २७ जानेवारी

हेमाली,

उत्तर नाही. ठीक आहे. पण उत्तर मिळालं मला, तुझ्याकडून नाही, नगरपंचायतीच्या दारावरून. चौकशीचा निकाल चिकटवलाय. ‘केंद्राध्यक्षांच्या गैरसमजातून घडलेली मानवी चूक, हेतू आढळत नाही, निकाल कायम.’ नाव छापलेलं नाही, पण तू तसं लिहून दिलंस म्हणूनच हे छापलं ना? गैरसमज! तुळशीदासाच्या मुलीला चिकाचा डाग कळला नाही! तुझ्या शाळेच्या पांढऱ्या फ्रॉकवर तो डाग पडला म्हणून दोन दिवस जेवली नव्हतीस.

रागाने लिहितोय. राहू दे, खोडत नाही.

काल झेंडावंदन झालं आणि माणसं घरी गेलीच नाहीत. नगरपंचायतीच्या फाटकासमोर बसली. आधी आम्ही खालचा पाडा आणि वरची आळी एवढेच होतो. दुपारी सांडोरहून माळी आले, नंदाखालहून दोन टेम्पो भरून बाया आल्या, चर्चमधून सुटलेली माणसं तशीच आली. सगळ्यांनी डाव्या हाताला चीक लावून हात वर केले. "शाई नाय, चीक हाय!" कोणी पहिल्यांदा ओरडलं ठाऊक नाही, पण तीन वाजेपर्यंत स्टेशनपर्यंत ऐकू जात होतं म्हणतात. मी आयुष्यात कधी घोषणा दिली नव्हती. घसा बसलाय.

मला समितीत घेतलंय. पांढरे केस आहेत आणि शिव्या देत नाही, म्हणून असेल. व्हॅलेरियन पुढे, मी त्याच्या बाजूला. केळीचे खुंट तोडून रस्त्यावर आडवे टाकलेत. त्यावरून जीप घसरते, माणूस तर उभाच राहत नाही. हरेशशेठ मागच्या दाराने ऑफिसात जातो आणि मागच्या दाराने येतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. घोषणा बदलायला लागल्यात. हरेशशेठचं नाव मागे पडलं आणि "ती बाई कोण, ती बाई कुठे" असं सुरू झालं. काल समितीतल्या प्लासिडने माइकवरून विचारलं, "खोली तीनच्या बाईला किती पैसे मिळाले?" हजार माणसं ओरडली. मी त्यांच्यातच उभा होतो. माझाही हात वर होता, तो खाली घेता येईना.

तू दोन दिवस आत्याकडे जाऊन राहा. नाहीतर खरं काय ते प्रांतांपुढे जाऊन सांग. दोन्ही एकदम कसं लिहितोय, असं म्हणशील. मलाही कळत नाही. तू बोललीस तर तुझी नोकरी जाते, नाही बोललीस तर आमच्या वाड्या जातात. बाप म्हणून एक वाटतं, आंबोड्याचा म्हणून दुसरं. तुझी आई असती तर तिने मला फाटकावर जाऊच दिलं नसतं.

तीन वर्षांपूर्वी तिला अग्नी द्यायच्या वेळी तू हात पुढे केलास आणि मी मडकं भावेशच्या खांद्यावर दिलं. समाज जमला होता, मी काय करणार होतो? तू त्या दिवसापासून आली नाहीस. त्यावर भांडायचं असेल तर भांड, पण नंतर. आधी हे निस्तर.

— बाबा

आंबोडे, शुक्रवार, ३० जानेवारी

हेमाली,

जिजाबायचा हात मोडला.

काल दुपारी पोलिसांनी फाटक मोकळं करायला घेतलं. आधी खुंट उचलायला लागले, बाया खुंटांवर जाऊन बसल्या. मग लाठ्या. मी पळालो. खरं सांगतो, पळालो, चप्पल तिथेच राहिली. मागे वळून बघितलं तर प्लासिड डोकं धरून बसला होता, बोटांतून रक्त येत होतं. जिजाबाय त्या चिकट खुंटावरून घसरून पडली होती आणि तिच्या अंगावरून माणसं जात होती. तिला उचललं तेव्हा हात भलत्याच बाजूला वळला होता. ओरडली नाही. "माजी विली कुठं पडली," एवढंच, कमरेला खोचलेल्या विळीचं, विचारत होती.

हॉस्पिटलात गर्दी उसळली. मी आणि व्हॅलेरियन बाहेरच्या बाकावर रात्र होईपर्यंत बसलो होतो. तो पोरगा तुझ्याच वयाचा. रडत होता. म्हणाला, "काका, कोर्टात गेलो तर पाच वर्षं लागतील. तोवर बावखळं बुजलेली असतील. त्या बाईने एकदा तोंड उघडलं तर हरेशशेठ चार दिवस टिकणार नाही. पण नाव कोणी देत नाही. कलेक्टर ऑफिस देत नाही, तहसील देत नाही." मी त्याच्याशी थोडं बोललो. काय बोलायचं असतं अशा वेळी ते बोललो आणि घरी आलो.

आज सकाळी घड कापायला घेतला आणि ठेवून दिला.

नाव आज ना उद्या फुटणारच, हे तूही समजून आहेस. तुझ्याबरोबर त्या खोलीत आणखी चार माणसं होती, शिपाई होता, पोलीस होता. कुठून फुटेल सांगता येत नाही. शनिवार-रविवार घरी थांबू नकोस. जावयांना सांग, पोराला घेऊन आत्याकडे जा. ह्या वेळी माझं ऐक. बाकी कधी ऐकलं नाहीस तरी चालेल.

भावेशला हे पत्र आजच्या आज द्यायला सांगितलंय, टेम्पो असो नसो.

— बाबा

आंबोडे, सोमवार, २ फेब्रुवारी

हेमाली,

तू गेली नाहीस. का गेली नाहीस?

काल मी तुझ्या फाटकासमोर होतो, ते तू पाहिलंस. पाहिलंस आणि नाही पाहिलं. मला पुढे ठेवलं होतं, पांढरे केस म्हणून. निघालो तेव्हा तीनशे असू, विरारला पोचेपर्यंत रस्ता भरला. आगाशीपासून माणसं चालत आली होती. तुमचा वॉचमन बिचारा कुलूप हातात धरून उभा होता. वरच्या मजल्यावरून कोणीतरी बादलीभर पाणी ओतलं, त्यावरून दगड उचलले गेले. एक तुमच्या जिन्याच्या काचेवर बसला. मी दोन्ही हात पसरून फाटकाला पाठ लावून उभा राहिलो. ओरडत होतो, दगड नको, दगड नको. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मनात एकच, ही आता खाली नको यायला. आणि तू आलीस.

घरातलाच ड्रेस, केस बांधलेले नाहीत. वॉचमनला म्हणालीस, उघडा. मी बाजूला झालो. तुझी ओढणी माझ्या हाताला लागली.

तू जे बोललीस ते गावात सगळ्यांना पाठ झालंय. फोनवर फिरतंय. तरी मी लिहितो, कारण मी जवळून ऐकलं आणि फोनमध्ये तुझा चेहरा दिसत नाही.

तू म्हणालीस, "दुपारी निवडणुकीचे वरचे साहेब आले. म्हणाले, दुबार मतदानाची तक्रार आहे, डाव्या हातावर डाग दिसेल त्याला परत पाठवा, यादी बघत बसू नका. मी म्हटलं, सर, हा केळीचा चीक आहे. ते म्हणाले, तुम्हाला कसं माहीत मॅडम, तुम्ही इथल्या का? हो म्हटलं असतं तर स्वतःच्या गावात ड्युटी कशी घेतली म्हणून मला तिथल्या तिथे बदललं असतं, वर चौकशी. मी म्हटलं, नाही, मी इथली नाही. मग मला काही बोलताच येईना. पहिल्या माणसाला परत पाठवताना हात जड झाला. नंतर सवय झाली. गैरसमज झाला असं मी लिहून दिलं ते खोटं आहे. साहेबांनी सांगितलं ते मी प्रांतांपुढे सांगेन, कोर्टात सांगेन."

  मग सांडोरची एक बाई पुढे आली आणि तिने विचारलं, "इथली नाहीस तर चीक कसा ओळखलास? कोणाची तू?"

 मी तुझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. "ओळखते," एवढंच म्हणालीस आणि वर गेलीस.

रात्रभर मला त्याचा राग होता. म्हटलं, साहेबापुढे गाव नाकारलं, आता गावापुढे बापाला नाकारलं. पहाटे उठून वाडीत गेलो, पाणी सोडलं आणि तिथेच डोक्यात प्रकाश पडला. तू तिथे माझं नाव घेतलं असतंस, तर त्या गर्दीने माझं काय केलं असतं? पोरीला लपवणारा म्हातारा म्हणून पहिला मलाच धरला असता. तू मला वाचवलंस.

 पाणी सगळं पाटाबाहेर वाहून गेलं.

— बाबा

आंबोडे, बुधवार, ४ फेब्रुवारी

हेमाली,

सरकार पडलं. हरेशशेठला आम्ही सरकारच म्हणायचो, त्यालाही ते आवडायचं. सोमवारी तू प्रांतांपुढे जबाब दिलास, काल सकाळी त्याच्याच पॅनलचे दोघे राजीनामा देऊन बाहेर आले आणि गर्दीत येऊन आमच्याबरोबर बसले. काय निर्लज्ज माणसं असतात. दुपारी आणखी चार. फाटकापुढे आता मोजता येणार नाहीत इतकी माणसं होती, पोलीस लाठ्या काखेत धरून चहा पीत होते. पाचच्या सुमारास हरेशशेठ पुढच्या दाराने आला. हातात कागद. कलेक्टरकडे राजीनामा देतोय म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक आहे हे पहिल्यांदा कळलं. पुन्हा निवडणूक होणार.

मग जो काही गोंधळ झाला! ताशे, गुलाल, चर्चच्या बँडची पोरं. मला उचलून खांद्यावर घेतलं. तुझ्या बापाला, ज्याला गुडघ्याने पायरी चढवत नाही! मी हसत होतो. तुला खोटं का सांगू, बरं वाटत होतं.

रात्री समितीची बैठक देवळाच्या मंडपात. व्हॅलेरियन म्हणाला, नगराध्यक्षपदाला तुळशीदासकाका उभे राहणार. टाळ्या. मी विचारलं, "आणि त्या बाईवरची तक्रार?" कारण भावेशने संध्याकाळीच सांगितलं होतं, तुला निलंबित केलंय आणि समितीच्या नावाने तुझ्यावर फौजदारी तक्रार गेलीय. साहेबाच्या आधी तुझं नाव. व्हॅलेरियन म्हणाला, "काका, कायदा आहे तो. खोटं तिने लिहून दिलं होतं. तिला सोडलं तर साहेबही सुटेल." मी म्हटलं, तिने तोंड उघडलं म्हणून आज तू इथे हार घालून बसलायस. तो म्हणाला, "तोंड तिने आपण होऊन नाही उघडलं काका, आपण तिच्या दारात गेलो म्हणून उघडलं."

 पण तिच्या दाराचा पत्ता त्याला कोणी दिला?

हेमाली, मी दिला. हॉस्पिटलच्या बाकावर. तुझं नाव, बिल्डिंगचं नाव, मजला. ओळखीतली आहे म्हणालो, कोण ते सांगितलं नाही. आतून जिजाबायचं कण्हणं ऐकू येत होतं आणि व्हॅलेरियन रडत होता, आणि मी देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी तुला लिहिलं की कुठून फुटेल सांगता येत नाही. तुला पळ म्हणून सांगितलं की माझी लाज वाचावी म्हणून, ते आता मलाच वेगळं करता येत नाही.

मी उभा राहिलो आणि सांगितलं. ती माझी मुलगी आहे. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. आणि नाव मीच दिलं.

मला वाटलं, मारतील.  प्लासिड डोक्याच्या पट्टीवरून हात फिरवत बसला. दोघंतिघं म्हणाले, काकांनी पोटच्या पोरीची पर्वा केली नाही, याला म्हणतात माणूस, आता तर हेच उभे राहणार. परत टाळ्या! 

मागे खांबाशी जिजाबाय बसली होती, हात गळ्यात बांधलेला. ती उठली तेव्हा टाळ्या थांबल्या. सगळ्यांना वाटलं, ही आता पाया पडणार माझ्या. ती जवळ आली, माझ्या अंगावरच्या गुलालाकडे बघितलं आणि म्हणाली, "माजा हात मोडला, मना दुखतंय. पन मी कोनाला सांगितला व्हता काय, तुजी पोर दे म्हनून? तू तिचा बापूस हायस का कोन रं?"

आणि काठी टेकत निघून गेली. मी तिच्यामागे मंडपाबाहेर आलो. निवडणुकीला मी उभा राहत नाही, हे भावेशकडून कळवलंय. तक्रार मागे घेतली नाही तर समितीविरुद्ध जबाब देईन, हेही कळवलं. जिच्या दारात गर्दी मी नेली, तिचं बोलणं जबरदस्तीचं नव्हतं, ती आपल्या पायाने खाली आली, हे सांगणारा फाटकाला सगळ्यात जवळचा साक्षीदार मी आहे. व्हॅलेरियनचा निरोप आला, विचार करा काका, गाव तुमच्यावर थुंकेल. थुंकू दे.

शुक्रवारी पालघरला तुझी खात्याची चौकशी आहे, भावेश म्हणाला. मी येणार आहे. आत घेणार नाहीत, बाहेर बाकावर बसेन. तू बोलायला यायची गरज नाही, बघूही नकोस. पण शिपाई विचारेल, हा म्हातारा सकाळपासून बसलाय, कोण लागतो तुमचा? तेव्हा माझी भीड धरू नकोस. जिजाबायला मला उत्तर देता आलं नाही. तू जे सांगशील ते.

— तुळशीदास